पंचेचाळीस सामन्यांची कारकीर्द

खेळाडू किती मोठा, हे आपण बहुधा आकड्यांवरून ठरवतो. किती सामने, किती धावा, किती बळी. या मापाने आइस हॉकीपटू विली ओ'री यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये त्यांचे सामने ४५ आणि गोल फक्त ४. तरीही मला त्यांची गोष्ट मोठी वाटते.

ओ'री यांचा जन्म १९३५ चा, कॅनडातल्या फ्रेडरिक्टनचा. बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, कडक रबराची चकती असते. तिला पक म्हणतात. ज्युनियर संघात खेळताना हा पक डोळ्यावर आदळला आणि उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. डॉक्टरांनी खेळ सोडायला सांगितले. ओ'रींनी ही गोष्ट लपवली आणि ते खेळत राहिले. ते डाव्या बाजूला खेळत. उजवीकडून येणारा पक दिसावा म्हणून दर वेळी मान पूर्ण वळवावी लागे.

१८ जानेवारी १९५८ रोजी माँट्रियलमध्ये ते बोस्टन ब्रुइन्सकडून उतरले आणि लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. त्या मोसमात दोनच सामने मिळाले, उरलेले ४३ सामने १९६०-६१ मध्ये. वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या, त्या वेगळ्याच. पुढे लॉस एंजेलिसमध्ये, दुय्यम लीगमध्ये, त्यांना उजव्या बाजूला खेळवले गेले. चांगला डोळा खेळाकडे आला आणि गोल होऊ लागले. मोठ्या लीगने मात्र पुन्हा बोलावले नाही.

मला खटकते ते यापुढचे. दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, लीगमध्ये आला तो थेट १९७४ मध्ये. एकाने उंबरठा ओलांडला म्हणून दार उघडे राहिले नाही.

निवृत्तीनंतर ओ'री एका हॉटेलात सुरक्षा विभागात काम करत होते. १९९८ मध्ये, साठी उलटल्यावर, लीगने त्यांच्यावर मुलांपर्यंत खेळ पोहोचवण्याची जबाबदारी सोपवली. मग ते शहरोशहरी फिरले, शाळांत बोलले, मुलांसोबत बर्फावर उतरले. २०१८ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली, ती खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळ घडवणारे म्हणून. १८ जानेवारी २०२२ रोजी ब्रुइन्सने त्यांची २२ क्रमांकाची जर्सी कायमची राखून ठेवली.

आपल्याही घरात कुणीतरी पहिला असतो. पहिली पदवीधर, परमुलखात पहिल्यांदा पाय रोवलेले आजोबा. त्यांचे कौतुक आपण करतोच. त्यांनी मागच्यांसाठी काय केले, तेही तरुण मंडळींनी एकदा घरी विचारून पाहावे.