अडीच फुटी खराद आणि पाच फुटी खांब

कापडाच्या धंद्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने लाकडाच्या खरादावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण प्रसंग आमच्याच दुकानातून उभा राहिला. दापोडीत आमच्याकडून पडदे, चादरी व मच्छरदाणीचे कापड नेणाऱ्या एका ग्राहकाला चार खांबांचे सहा पलंग हवे होते. खांब सागवानी, पाच फुटांचे, खरादावर उतरवलेले. आम्ही त्यांना आमच्या ओळखीच्या एका खरादीकडे नेले. या कारागिराच्या हातात असा हुनर आहे की लाटणी, पाळण्याचे दांडे, खुर्चीचे पाय एकासारखा एक उतरतात. परंतु त्यांच्या खरादाच्या दोन टोकांमधील अंतर अवघे अडीच फूट. त्यांनी काम नाकारले. चोवीस खांबांची मजुरी डोळ्यांदेखत परत जात होती.

मोठा खराद घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. आम्हीच म्हटले, आहे तोच लांब करा, पैसे आम्ही उसने देतो. घाईही आम्हीच केली. जुन्या बैठकीच्या टोकाला तीन फुटांचे लोखंडी अँगल वेल्डिंग करून जोडले, खाली एक पाय दिला आणि टेलस्टॉक तिकडे सरकवला. पहिलाच खांब नेहमीच्या वेगाने फिरवला. मधोमध तो दोरीसारखा झुलू लागला, टेलस्टॉक थरथरला आणि लाकूड सुटून शटरवर आदळले. अल्लाहच्या कृपेने कोणाला लागले नाही. एक चांगला सागवानी तुकडा मात्र वाया गेला.

दापोडीत एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, जवळच भोसरीची एमआयडीसी. त्यामुळे या भागात लेथ म्हटला की लोकांना लोखंड कातणारा लेथ आठवतो. सल्ले आले तेही त्याच पद्धतीचे: बैठक मशीनवर घासून घ्या, दोन्ही टोके केसाच्या अंतराने जुळवा. हा खर्च ऐकूनच खरादी खचले. वास्तविक लोखंडाच्या लेथवर हत्यार बैठकीच्या रेषेत सरकते, म्हणून टेलस्टॉक जरा बाजूला असला तरी काम निमुळते उतरते. लाकडाच्या खरादावर पटाशी माणसाच्या हातात असते. खांब दोन टोकांच्या दरम्यान स्वतःच्या रेषेत फिरतो, आणि हात त्याच्यावर चालतो. दोन टोकांत थोडा फरक राहिला तरी खांबाचे बिघडत नाही. टेलस्टॉकमधून भोक पाडायचे असेल तेव्हा मात्र टोके नीट जुळावी लागतात. बैठक पिळलेली, हलकी व डळमळती असली तर लांब काम होतच नाही. सगळा जोर तिकडे लावायला हवा.

दुसऱ्या खेपेला जोड दिलाच नाही. चार इंची सी चॅनलचे सात फुटांचे दोन अखंड तुकडे घेतले. दोन्ही मिळून वजन सुमारे ४० किलो. पाठीला पाठ करून, टेलस्टॉकची जीभ बसेल एवढी फट ठेवून, मध्ये ठोकळे घालून ते बोल्टने आवळले. वेल्डिंग टाळले, कारण तापलेले लोखंड निवताना ओढले जाते व सरळ चॅनल वाकडे होते. जुना हेडस्टॉक आणि टेलस्टॉक उचलून या नव्या बैठकीवर बसवले. दोन्ही एकाच पातळीवर असल्याने टोकांच्या उंचीचा प्रश्न उरला नाही.

पीळ पाहण्याची युक्ती जुन्या सुतारांची आहे. एकसारख्या दोन सरळ पट्ट्या बैठकीच्या दोन टोकांना आडव्या ठेवायच्या आणि एका बाजूने डोळा लावून पाहायचे. दोघींच्या वरच्या कडा समांतर दिसेपर्यंत पायांखाली पाचरी माराव्या. दापोडीतल्या जुन्या दुकानांच्या फरशा कशा आहेत ते आम्ही जाणतो, म्हणून हे काम खराद जागेवर ठेवल्यावरच करावे. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली आणि थरथर पुष्कळ कमी झाली.

तरीही लांब लाकूड झुलतेच. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच दाबाने ते आठपट वाकते, आणि लांबी तीच ठेवून जाडी निम्मी केली तर सोळापट. पाच फुटी, अडीच इंची खांबाला मध्ये आधार हवाच. त्याला स्टेडी म्हणतात. लाकडी चौकटीत तीन जुन्या बेअरिंगची चाके बसवून आमच्या खरादींनी तो स्वतः बनवला. लाकूड चौकोनी असताना चाके त्यावर टिकत नाहीत. म्हणून आधी मधोमध चार बोटे जागा हलक्या हाताने गोल करून घ्यायची, तिथे स्टेडी लावायचा, मग दोन्हीकडे काम करायचे. चाकांचा डाग शेवटी घासून निघतो.

वेगही उतरवला. मोटर १४४० फेऱ्यांची. तिच्यावर दोन इंची व खरादावर पाच इंची पुली लावली की ५७६ फेऱ्या मिळतात. चौकोनी लांब लाकडाला सुरुवातीला यापेक्षा अधिक वेग देऊ नये. आणखी एक सांगणे आमच्या धंद्यातले आहे: कापड मऊ असले तरी फिरत्या दांड्यात अडकले की हाताला ओढून नेते. सैल बाहीचा कुर्ता, मफलर, गळ्यातला रुमाल खरादावर नको.

एक-दोन पलंगांसाठी मात्र एवढा खटाटोप करू नये. खांब दोन तुकड्यांत उतरवावा. एकाला इंचभर जाडीची गोल खुंटी, दुसऱ्याला तेवढेच भोक, आणि जोड नक्षीच्या मण्याखालील खाचेत लपवावा. दोन्ही तुकडे एकाच लाकडातून काढले तर रेषा जुळतात. सरस न लावता ठेवला तर खांब फ्लॅटच्या अरुंद जिन्यातूनही जातो. कैरोच्या जुन्या घरांतील मशरबिया, म्हणजे खिडक्यांच्या लाकडी जाळ्या, याच विचाराच्या आहेत. इजिप्तमध्ये चांगले लाकूड दुर्मिळ. तेथील कारागिरांनी कमानीच्या खरादावर, पायाने हत्यार सांभाळीत, बोटाएवढे तुकडे उतरवले आणि खिळ्यांवाचून एकमेकांत गुंफून मोठमोठ्या जाळ्या उभ्या केल्या. शिवाय तुकड्यांच्या सांध्यांत लाकडाला फुगायला-आकसायला जागा राहते. गुजरातच्या संखेड्याचे लाखेच्या रंगातील सागवानी फर्निचरही खरादी असेच गोल भाग उतरवून, जोडून बनवतात.

आमच्या कारागिरांचे चोवीस खांब पूर्ण झाले, ग्राहकाने मच्छरदाण्याही आमच्याकडूनच नेल्या. सात फुटी बैठक दहा फुटी दुकानात मावली, पण टेलस्टॉक दारापाशी आला आहे. खांब चढवताना शटर पूर्ण उघडावे लागते. लाटण्यांसाठी मधला स्टेडी काढून ठेवतात. उसन्या पैशांपैकी निम्मे परत आले. बाकीचे जिन्याच्या कठड्याचे काम मिळाल्यावर देतो म्हणतात, आणि आम्हालाही घाई नाही.