मॅनहोलमधील विषारी वायू आणि सफाई कामगाराचा हक्क

पावसाळा तोंडावर आला की गावोगावची गटारे तुंबू लागतात. अशा वेळी सफाई कामगाराला ‘जरा आत उतरून बघ’ असे सहज सांगितले जाते. हे ‘जरा’ जिवावर बेतू शकते.

बंद मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे वायू साठतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ ही समजूत घातक आहे. तोंडाला बांधलेला रुमाल हे वायू अडवू शकत नाही. काडी पेटवून पाहणे तर त्याहून वाईट, कारण मिथेन पेट घेतो. आत पडलेल्याला काढण्यासाठी तसाच उतरलेला दुसरा माणूसही बहुधा तेथेच कोसळतो.

मग ‘मी उतरणार नाही’ असे म्हणणे हा कामचुकारपणा होतो काय? मुळीच नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ७ नुसार, संरक्षक साधने न देता कोणालाही गटार वा सेप्टिक टँकच्या सफाईस लावता येत नाही. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. ‘माणूस ठेकेदाराचा होता’ ही सबबही चालत नाही. नगरपालिकेने आडमार्गाने काम करवून घेणेही निषिद्ध आहे. असे काम करताना मृत्यू आल्यास वारसांना किमान ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला.

मात्र एक उणीव ध्यानात ठेवावी. तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये म्हणून संसदेने २०१४ मध्ये जागल्या संरक्षण कायदा संमत केला, पण तो अद्याप अमलात आलेला नाही. त्यामुळे तक्रार केल्याबद्दल बदली वा निलंबन झाले, तर आपली बाजू कागदानेच सिद्ध करावी लागते. यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. तक्रार लेखी द्यावी. दिनांक, ठिकाण, कोणी उतरण्यास सांगितले व कोणते साधन मिळाले नाही, हे स्पष्ट लिहावे.

२. प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती घरी जपून ठेवावी.

३. शक्यतो चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून किंवा संघटनेमार्फत अर्ज करावा.

४. दाद न लागल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. या कायद्याखालील जिल्हा दक्षता समितीचे ते अध्यक्ष असतात.

कंत्राटी कामगाराची नोकरी एका शब्दावर जाते, म्हणून तो बोलण्यास कचरतो. त्याच्यासाठी कायम कामगारांनी पुढे व्हावे. नागरिकांनीही आपल्या घरची टाकी उपसण्यासाठी माणूस आत उतरवू नये. उपसा करणारी गाडीच बोलवावी. गटार दोन दिवस उशिरा मोकळे झाले तर दुर्गंधी सोसावी लागेल, पण गेलेला माणूस परत येत नाही.