घोड्याचा श्वास : नाकपुडीला चिरा नको

रत्नागिरीहून एक पत्र आलंय आणि त्याचं उत्तर लांबवलं तर एखाद्या घोड्याचं नाक चिरलं जाईल.

पत्रलेखकाचा घोडा किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतो. वाळूत जरा पळवला की श्वासाला आवाज येतो. कुणी सल्ला दिला, ‘दोन्ही नाकपुड्या वरून चिरून घे, वारा मोकळा होईल.’

कृपा करून चिरू नका. ओझ्याच्या गाढवांच्या नाकपुड्या चिरायची ही रीत इजिप्तपासून आपल्याकडेपर्यंत आहे. तर्क वरवर पटतो, कारण घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, सगळी हवा नाकातूनच. पण दौडताना नाकपुडी स्नायूंच्या जोरावर आपणहून फाकते. चिऱ्याने नेमके तेच स्नायू तुटतात आणि जखम भरताना आकसते. या स्नायूंची किंमत भूल देणाऱ्यांना विचारा. आडव्या पडलेल्या घोड्याची म्होरकी काढायची राहिली आणि तिची कडी गालावरच्या नसेवर दाबली गेली, तर त्या बाजूची नाकपुडी लुळी पडते आणि श्वास घेताना आत ओढली जाते. शिवाय आवाजाचं मूळ बहुधा नाकपुडीत नसतंच. ते खूप आत, स्वरयंत्रात असतं. तिथे बाहेरच्या चिऱ्याचा काय उपयोग?

नाकपुडीतून उद्भवणारा आवाजही असतो, नाही असं नाही. नाकपुडीच्या वरच्या कोपऱ्यातून बोट आत सारलं तर ते एका आंधळ्या पिशवीत जाऊन अडतं. ही खोटी नाकपुडी. पोटात नळी घालताना डॉक्टर अंगठ्याने नळी खाली दाबून धरतात ते तिला चुकवण्यासाठीच. या पिशवीखालची कातडीची घडी काही घोड्यांत सैल असते आणि फडफडते, विशेषतः श्वास सोडताना. मला या विकाराची तपासणी फार आवडते: दोन्ही घड्या एका टाक्याने नाकाच्या कण्यावरून वर ओढून बांधायच्या आणि घोडा पळवायचा. आवाज थांबला, तर दोष घडीचा. मग भूल देऊन ती घडी कापून काढता येते. नाही थांबला, तर टाका सोडायचा आणि दुर्बिणीने स्वरयंत्र बघायचं. कायमची इजा न करता निदान होतं.

सवारीचे बरेच निरोगी घोडेही दौडीत श्वास सोडताना फुरफुरतात. त्याला कसलाच इलाज लागत नाही. उलट, विनाकारण अवयव छाटणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

तेव्हा पत्रलेखकांनी एवढं करावं : घोडा पळत असताना फोनवर आवाज टिपावा, आवाज श्वास घेताना येतो की सोडताना ते बघावं आणि घोडा उभा असताना दोन्ही नाकपुड्यांपुढे तळहात धरून वारा सारखा येतो का तेही तपासावं. एका बाजूचा वारा कमी असेल किंवा त्या बाजूने पू अथवा रक्त येत असेल, तर शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात लवकर दाखवावं.