पांढऱ्या स्फटिकांची पारख

चाकण परिसर आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखला जातो. तरी खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील शेती आणि तिच्यावर चालणारी खतांची दुकाने टिकून आहेत. या दुकानांत शेजारी-शेजारी दिसणारी दोन खते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट व झिंक सल्फेट. दोन्ही पांढरी, स्फटिकरूप व पाण्यात सहज विरघळणारी. भाव मात्र झिंकचा बराच अधिक. झिंकमध्ये मॅग्नेशियम मिसळण्याचा मोह येथूनच सुरू होतो.

बँकेत असताना तारण साठ्याच्या पाहणीत आम्ही पोती मोजत असू. आतील मालाची साक्ष लेबलच देई. रसायनशास्त्राची साक्ष याहून भक्कम असते. दोन्ही खतांच्या द्रावणांत विरल कॉस्टिक सोडा घातला की पांढरा साका बसतो. सोडा वाढवत नेल्यास झिंकचा साका विरघळून द्रावण नितळ होते. मॅग्नेशियमचा साका तसाच राहतो. कॉस्टिक सोडा त्वचा भाजतो, म्हणून ही पारख जाणकारानेच करावी. अंतिम निर्वाळा प्रयोगशाळेचाच.

मॅग्नेशियम सल्फेट स्वतः निरुपयोगी नव्हे. पानांतील हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमच असते. ते कमी पडल्यास जुनी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात. झिंकची उणीव मात्र कोवळ्या पानांवर आधी दिसते. एकाच्या जागी दुसरे गेले, तर शेतकऱ्याचा पैसा व हंगाम दोन्ही वाया जातात.

व्यापाऱ्याने आणखी एक हिशेब ध्यानी ठेवावा. या स्फटिकाच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे ७ रेणू असतात. म्हणजे १०० किलो मालात सुमारे ५१ किलो पाणी आणि जेमतेम १० किलो मॅग्नेशियम. कोरड्या हवेत यातील काही पाणी उडून वजन घटते. म्हणून पोती घट्ट बंद असावीत. शेतकऱ्यास हेही सांगावे, की कॅल्शियम नायट्रेटसोबत हे खत एकाच टाकीत दाट कालवू नये. जिप्सम तयार होऊन ठिबकची छिद्रे बुजतात.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वये प्रमाणाबाहेरचे खत विकणे हा गुन्हा आहे. आपल्या तत्त्वार्थसूत्राने तर अस्सल मालात नक्कल मिसळण्यास ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणून अचौर्यव्रताच्या अतिचारांत फार पूर्वीच गणले आहे. तेव्हा माल घेताना पक्के बिल व बॅच क्रमांक घ्यावा, आणि शंका येताच ते पोते विक्रीतून बाजूला काढावे.