खाटेवरून चालण्याकडे

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला पूर्वी कित्येक आठवडे खाटेवर झोपवून ठेवत. १९५२ मध्ये लेव्हाइन आणि लाउन या अमेरिकी डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला.

आता हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतरही फिजिओथेरपिस्ट बहुधा एक-दोन दिवसांतच रुग्णाला उठवून बसवतात. छातीशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवतात. त्याने छातीच्या हाडाला आधार मिळतो, कफ सुटतो. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमधून सावकाश श्वास ओढला, की फुप्फुसांचे मिटलेले भाग उघडायला मदत होते.

सीओपीडी या श्वासनलिका अरुंद होण्याच्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला मात्र श्वास सोडायला शिकावे लागते: नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा.

सहा मिनिटांत किती मीटर चालता येते, यावरून प्रगती मोजतात. व्यायामात छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे.