डिस्कचा वैरी कोण? ऊन की कूलर?

मे महिना. अकोल्याचा पारा 45 च्या पार, अमरावतीच्या राजकमल चौकात दुपारी शुकशुकाट. घरभराचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, शेताचे सातबारे पोटात घेऊन बसलेली नासची पेटी, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, अशा दिवसांत ठेवायची कुठे? वऱ्हाडात पहिलं उत्तर येतं: कूलरसमोर.

थांबा भाऊ! मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ डेटा सेंटरमधल्या दहा लाखांवर डिस्क तपासल्या आणि 2016 मध्ये निष्कर्ष मांडला. डिस्क बिघडवण्यात उष्णतेपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा वाटा मोठा निघाला. दमट हवेत मुख्यतः कंट्रोलर आणि जोडण्या दगा देतात. आपला उन्हाळा कोरडा, म्हणजे या बाबतीत आपण नशीबवान. पण खस भिजवून तीच हवा आपण दमट करतो आणि तिचा झोत पेटीवर सोडतो. नास कूलरच्या खोलीत नकोच. सावलीच्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं सोडून, साध्या पंख्याच्या वाऱ्यात ती सुखी राहते.

मग उष्णता अगदीच निरुपद्रवी? तसंही नाही. गूगलने 2007 मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कची नोंद मांडली. त्यात तापमानाचा फटका दिसला तो मुख्यतः फार तापलेल्या आणि तीन वर्षं उलटलेल्या डिस्कना. त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: डिस्कमध्ये पहिली स्कॅन चूक दिसली की पुढच्या 60 दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता 39 पट वाढते! नासच्या सेटिंगमध्ये 'स्मार्ट' चाचणी असते, ती महिन्यातून एकदा लावा. इशारा आला की त्याच आठवड्यात डिस्क बदला.

आता खरेदी. दुकानदार 'एकच माल आहे' म्हणेल, पण प्रकार दोन आहेत. एकात माहितीच्या रेघा शेजारी-शेजारी असतात, त्याला सीएमआर म्हणतात. दुसऱ्यात त्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, आपल्या जुन्या घरांवरच्या कवेलूसारख्या, तो एसएमआर. मधलं एक कवेलू बदलायचं तर वरची ओळ उचलावीच लागते. एसएमआर डिस्कवर जुनी माहिती बदलताना हाच खटाटोप चालतो आणि नास रेंगाळते. 2020 मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही नास डिस्क एसएमआर होत्या आणि ग्राहकांना ते सांगितलंच नव्हतं. पुढे कंपनीने सीएमआर डिस्कसाठी 'रेड प्लस' हे नाव वेगळं काढलं. सीगेटची नाससाठीची 'आयर्नवुल्फ'ही सीएमआरच. कॅमेऱ्यांसाठी मिळणाऱ्या जांभळ्या डिस्क सतत चित्रण लिहिण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कॅमेऱ्यालाच शोभतात.

4 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 3.63 दाखवते. फसवणूक नाही! कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक 1,024 च्या.

आणि 1956 साली आयबीएमने आणलेली पहिली हार्ड डिस्क? वजन सुमारे एक टन, आत 50 मोठ्या तबकड्या, आणि मावायचं किती, तर जेमतेम 4 एमबी. आजच्या मोबाइलचा एकच फोटो, बाप्पा!

बॅकब्लेझ नावाची अमेरिकी कंपनी आपल्या सुमारे तीन लाख डिस्कचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करते. वर्षाला शंभरातल्या साधारण एक-दोन मरतात. कुठलीही कंपनी याला अपवाद नाही, म्हणून 'सगळ्यात टिकाऊ कोणती' यापेक्षा 'प्रती किती' हा प्रश्न मोठा. नासमध्ये दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या तर एक गेली तरी काम चालतं. पण चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून एकाच क्षणी जातं, म्हणून याला बॅकअप म्हणता येत नाही. दोन्ही डिस्क एकाच गठ्ठ्यातल्या घेऊ नका. एकीचा दोष दुसरीतही असू शकतो. एक अमरावतीहून घ्या, एक अकोल्याहून.

तिसरी प्रत दुसऱ्या गावी हवी. अमरावतीच्या घरची प्रत अकोल्याच्या मावशीकडे पाठवायची तर 4 टीबी माहिती 100 एमबीपीएसच्या इंटरनेटने चढवायला जवळजवळ पावणेचार दिवस लागतील. तीच डिस्क बंद करून, टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर घेतली की अडीच-तीन तासांत पोचते. आणि हा रस्ताही साधा नाही: जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला.

घराबाहेरच्या प्रतीचं मोल पिक्सारला विचारा. 1998 मध्ये 'टॉय स्टोरी 2' च्या बऱ्याचशा फाइली चुकून पुसल्या गेल्या आणि कार्यालयातला बॅकअपही बिघडलेला निघाला. सिनेमा वाचला तो तांत्रिक दिग्दर्शिका गेलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती म्हणून.

31 मार्च हा जागतिक बॅकअप दिन. हिशेबाच्या वह्या त्या दिवशी आपण बंद करतोच. त्याच संध्याकाळी मावशीकडची डिस्क जोडा आणि त्यातला आजीचा एखादा फोटो खरंच उघडतो का, ते पाहा.