पाठीवरचें पांचवें चाक

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. ज्या मोटारींत बिछाना, शेगडी, पाण्याची टांकी व कपाटें बसविलेलीं असतात, तिला ही म्हण चांगली लागू पडते. अशा मोटारीस कॅम्पर व्हॅन म्हणतात. हें बिऱ्हाड घेऊन माणसें वस्तीपासून दूर जातात. तेथें चाक फुटलें तर दुरुस्तीचें दुकान सांपडत नाहीं. म्हणून जादा चाक जवळ असणें अगत्याचें. तें गाडीच्या पाठीवर कसें टांगावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

जादा चाकास आपण 'स्टेपनी' म्हणतों. हा शब्द वेल्सहून आला. १९०४ सालीं तेथील लानेली गांवीं डेव्हिस बंधूंनीं, फुटलेल्या चाकावर आवळून बसवितां येईल असें, आरे नसलेलें जादा चाक तयार केलें. त्यांचें दुकान स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर होतें. रस्त्याचें नांव चाकास मिळालें, आणि पुढें तें मराठींतहि रुजलें.

उदाहरणादाखल जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची १९७९ पासून निघूं लागलेली व्हॅन घेऊं. तिचें जादा चाक पुढील भागाखालीं एका आडव्या तबकांत असतें. खडकाळ वाटेसाठीं कोणी मोठे टायर घातले, तर तसलें चाक त्या तबकांत मावत नाहीं. आंत ठेवावें तर निजावयाची जागा अडते. छपरावर ठेवावें तर गाडी डोईजड होते. राहतां राहिली पाठ.

येथें विद्यार्थ्यांनीं तरफेचा नियम आठवावा. चाक २० किलो व तें धरणारा सांगाडा १० किलो, असें एकूण ३० किलो वजन धरूं. या गाडीच्या दोन आंसांमधील अंतर सुमारें २.४६ मीटर आहे. वजन मागील आंसाच्या पलीकडे १.२३ मीटरवर, म्हणजे या अंतराच्या निम्म्यावर, टांगलें असतां पुढील चाकांवरचा भार १५ किलोनें घटतो आणि मागील चाकांवरचा ४५ किलोनें वाढतो. गाडीस वळविण्याचें काम पुढील चाकांचें. त्यांची पकड कमी होणें इष्ट नव्हे. म्हणून टांगलेलें वजन होतां होईल तों हलकें व गाडीस लगटून असावें, हा पहिला नियम.

दुसरा प्रश्न आधाराचा. या गाडीचें मागील झांकण वरच्या बाजूस जोडलेलें असून तें वर उचलावें लागतें. चाक त्याच्यावरच जडविलें, तर पातळ पत्र्यास चिरा पडण्याची भीति असते, आणि झांकण तोलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्यांस तें ओझें पेलत नाहीं. म्हणून मागील बंपरच्या एका टोंकास उभी पोलादी खुंटी बसवितात. ती बंपरच्या मार्फत गाडीच्या मूळ सांगाड्याशीं घट्ट जोडलेली असावी. खुंटीभोवतीं फाटकाप्रमाणें फिरणारा एक बाहु असतो व त्यावर चाक बसवितात. बाहु बाजूस फिरविला कीं झांकण मोकळें होतें.

बाहु उघडा असतां सर्व भार खुंटीवर येतो. चाकाचा मध्य खुंटीपासून ६० सेंटिमीटर दूर आहे असें समजा. खुंटीवरील दोन बेअरिंगांत १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर प्रत्येकावर १२० किलोचा आडवा जोर पडतो. तेंच अंतर ३० सेंटिमीटर केलें, तर तो ६० किलोवर येतो. आपल्या घरच्या दाराच्या बिजागऱ्या एकमेकींपासून दूर कां असतात, हें यावरून कळेल.

गाडी चालतांना खड्ड्यांतील दणक्यांनीं हाच जोर कित्येक पटींनीं वाढतो. यास्तव बाहु मिटला म्हणजे त्याचें मोकळें टोंक बंपरवरील आधारावर टेकलें पाहिजे. कडी घट्ट आवळणारी असावी, आणि ती निसटली तरी बाहु सुटूं नये म्हणून निराळी खिटी असावी. उतारावर बाहु आपोआप मिटून कोणास लागूं नये, यासाठीं उघड्या स्थितींत अडकविणारा अडणाहि हवा. या गाडींत इंजिनाचें तेल नंबरपाटीच्या मागील झांकण उघडून पाहतात. तें झांकण, नंबरपाटी व मागील दिवे चाकानें झांकतां कामा नयेत.

वेल्डिंगचे जोड विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. लोखंड एका दणक्यानें मोडत नाहीं. हजारों लहान हेलकाव्यांनीं त्यास बारीक चीर पडते, ती वाढत जाते, आणि एके दिवशीं तें तुटतें. म्हणून कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या देऊन जोर पसरवितात. पहिल्या प्रवासानंतर सर्व नट पुन्हां आवळून पाहावे, आणि पुढेंहि जोडांवरचा रंग कोठें तडकला आहे काय, हें पाहत जावें.

इतका खटाटोप एका चाकासाठीं कशास, असें कोणी विचारील. परंतु धांवत्या गाडीवरून सुटलेलें चाक मालकास लागत नाहीं. तें मागून सायकलवर येणाऱ्या अनोळखी माणसास लागतें. आपल्या सोयीसाठीं पाठीवर घेतलेलें ओझें दुसऱ्याच्या जिवावर बेतूं नये, एवढ्यासाठींच हा सारा हिशेब.